सहा मिनिटं पंप बंद

३ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुमच्या अग्निशामक बोटीचा पराक्रम वर्तमानपत्रात वाचला. भर दुपारी धक्क्याला जहाज पेटतं, बोट पाण्याच्या तोफा रोखून उभी राहते आणि ऐन आगीत पाणीच बंद होतं. पंपावर कोण, तर आमची कन्या. शेजारचे शिंपी बातमी वाचून दाखवायला मुद्दाम दोन जिने चढून आले. एरवी त्यांचे गुडघे दुखतात.

त्याच बोटीवर मी अठ्ठावीस वर्षं पंप चालवला. हुकमाशिवाय एकदाही बंद केला नाही. बैठकीतली पितळी पाटी मला कोणी वाटेत सापडली म्हणून दिलेली नाही. तिच्याखाली बसून तू अभ्यास केलास आणि शेवटी हे दिवे लावलेस. निलंबित केलं ते योग्यच झालं. आता निदान वेळेवर जेवशील.

खोकला कसा आहे ते कळव. रागावलो आहे, म्हणून उत्तर टाळू नकोस.

तुझे बाबा


७ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. खोकला बरा आहे. शिंपीकाकांच्या गुडघ्यांना आराम पडला हे वाचून आनंद झाला.

ती बातमी आमच्या कॅप्टनसाहेबांनी दिलेली आहे. हे गृहस्थ आगीकडे पाठ करून उभे राहतात, कारण फोटोवाला धक्क्यावर असतो. दोन्ही तोफा एकदम उडाल्या की मागचं चित्र छान येतं. जहाजात कापसाच्या गाठी होत्या. कापूस पाणी पितो हे कळायला कॅप्टन व्हावं लागत नाही, उलट झाल्यावर विसरायला होत असावं. अर्ध्या तासात जहाज आमच्या बाजूला कलू लागलं. आपलेच दोघे नळी घेऊन आत उतरले होते. मी तीनदा ओरडून सांगितलं. साहेबांनी माशी हाकलावी तसा हात हलवला. मग मी पंप बंद केला, सहा मिनिटं. दोघे बाहेर आले. वरच्या केबिन जळाल्या, पण जहाज अजून धक्क्याला उभं आहे.

गुरुवारी चौकशी आहे. साहेब म्हणतात, पाण्यानं जहाज बुडेल ही बाईमाणसाची भीती, तसं एकही उदाहरण दप्तरी नाही. हे खरं ठरलं तर माझा पंप कायमचा गेला. मग किनाऱ्यावर बसून नळ्या वाळत घालायच्या. मला दुसरं काही येत नाही बाबा, आणि करायचंही नाही.

समितीनं तुम्हाला जुने जाणकार म्हणून बोलावलंय असं ऐकते. माझी बाजू घेऊ नका. फक्त आठवून बघा, ज्या जहाजासाठी तुम्हाला पाटी मिळाली ते पुढे कुठे गेलं? लहानपणी मी हे विचारलं की तुम्ही चष्मा पुसायला लागायचात.

मफलर वापरा. माझ्यावर चिडलात तरी चालेल, गोळ्या चुकवू नका.

तुमची ठकी


१४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

काल तुला दारातच अडवून ठेवलं, म्हणून आत काय झालं ते तुला कळलं नाही. तुझ्या साहेबांनी इस्त्रीच्या कपड्यांत माझी ओळख करून दिली. बोटीची शान म्हणाले. मी पाटी पिशवीतून नेली होती, ती टेबलावर ठेवली. तिच्यावर लिहिलंय, 'आग पूर्ण विझवली.' विझणारच. जहाज तळाला गेल्यावर कसली आग राहते?

दप्तरात ते आगीनं बुडालं. बुडवलं मी. ते कलताना मला स्वच्छ दिसत होतं. जहाजाचा स्वयंपाकी गोल खिडकीतून हात हलवत होता, तोही दिसत होता. हुकूम आला नाही आणि या आज्ञाधारक बैलानं पंपावरचा हात काढला नाही. त्याच आठवड्यात पाटी दिली, मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि घरी येऊन भिंतीला खिळा ठोकला. हे सगळं मी तिथे सांगितलं, लिहून दिलं, खाली सही केली. तुझे साहेब पाणी प्यायले.

तुला पहिलं पत्र लिहिलं त्याची लाज वाटते. तू बंद केलास तो पंप मला बंद करता आला नाही, ठकी.

निकाल सोमवारी आहे. काय लागायचा तो लागो. समितीनं पाटी ठेवून घेतली, भिंतीवर खिळा तेवढा उरलाय. शिंपी विचारत होते, आता तिथे काय लावणार. तुझं निलंबनाचं पत्र घेऊन ये. चौकट करायला टाकतो.

ये मात्र नक्की.

तुझे बाबा