आमेनच्या आधी

शेळगाव,
गुरुवार, दुपारची भांडी घासून झाल्यावर

प्रिय रिबेका,

तुझा स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे, झाकणावर तुझ्या सासूबाईंचं नाव कोरलेला. भांडी लावताना रोज हाताला लागतो आणि रोज मी त्याला सांगते, थांब बाबा, तुझी पाळी येईल. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात आबा बारामतीच्या दवाखान्यात होते, तेव्हा तू कोऱ्हाळ्याहून रोज त्यातून हुलग्याचं माडगं आणायचीस. स्वतः खाली रिक्षांच्या शेजारी उभी राहायचीस आणि डबा तुझ्या युवराजरावांच्या हाती जिन्यापर्यंत धाडायचीस. तुला बघून आबांचं बीपी वाढेल म्हणून तू वर आली नाहीस, हे मला कळत होतं. तेव्हा घाईत मी साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. आज म्हणते. त्या दिवसांत त्यांच्या घशाखाली काय उतरलं असेल तर ते तुझं माडगं. तुझे उपकार आहेत गं.

तू म्हणशील, वहिनी, फोन करायचा सोडून पत्र काय लिहीत बसलीस? अगं, फोनवर तुझं-माझं कधी धड झालंय का? मी एक सांगायला जाते, तू मध्येच दुसरं काढतेस, आणि शेवटी दोघी भाजीच्या भावावर येऊन थांबतो. मला आज सगळं ओळीनं सांगायचंय, आणि तुला मध्ये बोलता येऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

मी इंदापूरहून लग्न होऊन ह्या घरात आले ती नाकावर राग आणि पायाला भिंगरी घेऊनच. कुकरची शिट्टी पुरी व्हायच्या आत गॅस बंद करणारी मी. पहिल्या आठवड्यात एक भाकरी अख्खी निघेना, सगळ्या तव्यालाच चिकटायच्या. तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, वहिनी, थांब जरा, कडा सुटू दे, मग आपोआप उलटते. आईंना मात्र सांगितलंस की मोडक्या भाकरी तूच थापल्यास. मी जन्मात विसरणार नाही ते. ह्या घरात मला माणूस म्हणून पहिलं कुणी जवळ केलं असेल तर तू.

आणि मग तू रजिस्टर लग्न करून, गळ्यात हार तसाच ठेवून पाया पडायला आलीस तो दिवस. आबा जेवायला बसलेले. लग्न चर्चमध्ये झालं नाही, मुलगा आपल्यातला नाही, हे त्यांच्या काळजात घुसलं होतं. ते म्हणाले, आजपासनं ह्या घरच्या प्रार्थनेत तुझं नाव निघायचं न्हाय. तू उंबऱ्यातूनच फिरलीस. तेव्हापासून तू आली नाहीस आणि त्यांनी बोलावलं नाही. बाप-लेकीचा हट्ट एकाच मापाचा, दुसरं काय.

आपल्याकडची जेवणाआधीची प्रार्थना तुला ठाऊकच आहे. आधी पावसाचे उपकार, मग कालव्याच्या पाण्याचे, मग गोठ्याचे, मग घरातल्या एकेका माणसाचं नाव, आणि आबांनी आमेन म्हटल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही. तू गेलीस तसं तुझं नाव गेलं. पण तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. माझं नाव घेऊन झालं की आबा खाकरायचे. रोज. मग आमेन. तेवढ्या वेळात आम्ही सगळे आपापल्या ताटाकडे बघत बसायचो, आणि तुझा दादा तर मीठच शोधायचा.

आबा अर्धांगाचा झटका येऊन पडले ते डाळिंबाच्या बागेत. बाग ताणावर होती. तू शेतकऱ्याची लेक, तुला काय सांगायचं, तरी सांगते. मला हे कळायलाच इतकी वर्षं लागली. बहार धरायचा तर झाडाचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, गळतात, बाग वाळून गेल्यासारखी दिसते. तिथं जीव घट्ट करून थांबायचं. मग वेळ झाली की पाणी सोडायचं, आणि झाड कळ्यांनी भरतं. आबा दवाखान्यात, आम्ही सगळे तिकडे, आणि घरी एकट्या आई. त्यांना ती झाडं बघवेनात. धनी तिकडं असा आणि झाडं हिकडं अशी, म्हणून त्यांनी मध्येच ड्रिपचा व्हॉल्व्ह उघडला. झाडं हिरवीगार झाली. नुसती पालवी. फूल मोजायलासुद्धा नाही. आबा घरी आले, बाग बघितली आणि चांगल्या हातानं कपाळ बडवून घेतलं. आई रडत म्हणाल्या, मला दया आली वो. ती दया आम्हाला एक वर्ष पुरली.

उजवी बाजू हळूहळू सुधारली, पण बोलणं काही येईना. सगळं कळतं, मनात असतं, शब्द ओठांवर येता येता अडतो. नावं तर सगळ्यांत अवघड. बारामतीच्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं, त्यांच्या तोंडात शब्द देऊ नका, थांबा. मी मनात म्हटलं, बाई, तुमचं बरंय, तुम्ही अर्धा तास थांबणार, माझं दूध उतू जातंय. घरी येऊन आम्ही सगळे सुरू. आबांनी तोंड उघडायचा अवकाश, पाणी पाहिजे? पंखा लावू? चहा? बाहेर न्यायचं? शेवटी ते तोंडच मिटून बसायला लागले.

प्रार्थना मात्र त्यांनी सोडली नाही. ताटावर बसलं की डावा हात वर. पाऊस यायचा, कालवा यायचा, आईंचं नाव, दादाचं नाव, मग माझं, तेही सु, सु, असं चाचपडत. आणि तिथं गाडी थांबायची. डोळे मिटलेले, ओठ हलतायत, घाम फुटलाय, आवाज नाही. आईंना ते सोसायचं नाही. त्या हळूच आमेन म्हणायच्या, की आम्ही सगळे आमेन, आणि जेवायला सुरुवात. आबा डोळे उघडायचे, आमच्याकडे बघायचे आणि ताट बाजूला सारायचे. आम्हाला वाटलं भूक मेली. डॉक्टरांनी भुकेचं औषध दिलं. गालफडं बसली, सदरा खांद्यावरून घसरायला लागला. खरं सांगते, आबा आता जगतील असं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा बाग ताणावर घेतली. आबा रोज बांधावर खुर्ची टाकून बसायचे. पानं गळाली, आणि आईंचा जीव पुन्हा वरखाली व्हायला लागला. एक दिवस मी डबा घेऊन गेले तर आई व्हॉल्व्हजवळ उभ्या, आणि आबांनी त्यांचा हात धरलेला. धरून ठेवलेला नुसता, झटकलेला नाही. आई मुसमुसत होत्या, पण व्हॉल्व्ह बंदच होता. रिबेका, मला कुणी कानाखाली वाजवावी तसं झालं. आईंनी झाडांना जे केलं तेच आम्ही सगळे रोज ताटावर आबांना करत होतो. दया येऊन.

त्या दिवशी जेवायला बसताना मी सांगून टाकलं, आबांच्या आधी जो आमेन म्हणेल त्याला मी वाढणार नाही. आमटीवर साय धरली. दादाच्या पोटात इतका आवाज झाला की आईंना हसू आलं. आबा माझ्या नावापर्यंत आले आणि थांबले. आम्ही थांबलो. पुढं काहीच आलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, सगळे हात जोडून तसेच बसलेले बघितले, आणि स्वतः म्हणाले, आमेन. खणखणीत. मग भाकरी कुस्करून अख्खं ताट संपवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड घालून रडले.

लहानपणी संडे स्कूलमध्ये सहनशीलता हे पवित्र आत्म्याचं एक फळ आहे असं शिकवायचे, तेव्हा ते मला सगळ्यांत बेचव फळ वाटायचं. दात आवळून गप्प बसायचं म्हणजे सहनशीलता, अशीच माझी समजूत. तसे दात मी जन्मभर आवळलेत आणि मनातल्या मनात शिव्याही घातल्यात. हे थांबणं वेगळं आहे. समोरच्याकडे काहीतरी आहे, ते अजून यायचंय, असं धरून बसायचं. प्रभू आपल्यापाशी असाच बसत असेल, आणि आपणच मध्ये आमेन म्हणून उठत असू. मी काही सुधारले नाही, परवाच गॅसवाल्याशी भांडले. पण आता रोज दोन वेळा गार जेवते आणि त्या गार जेवणाचे मनापासून उपकार मानते. जानेवारीत आबांनी बोट वर केलं, पाणी सोडलं, आणि बाग अशी फुलली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. आता फळं तोडणीला आली आहेत.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या रविवारी उपासनेहून आलो, पानं वाढली. आबांनी पाऊस घेतला, कालवा घेतला, आई, दादा, मी. मग थांबले. आम्ही थांबलो. ओठ गोल झाले, पुन्हा मिटले, पुन्हा झाले. आणि आला गं तो शब्द, एकेक अक्षर सुटं सुटं: छकुली. मग आमेन. लहानपणी ते तुला हाक मारायचे तेच नाव. आईंनी ताटातच हुंदका दिला. इतके महिने ते तिथंच पोचायला बघत होते, आणि आम्ही रोज नेमकं तुझ्या नावावर आमेन म्हणत होतो. दादानं तिथल्या तिथं तुला फोन लावून त्यांच्या कानाला धरला. तू हॅलो म्हणालीस, दादा, दादा, कोण बोलतंय म्हणालीस, आणि ठेवून दिलास. रेंज गेली असं वाटलं असेल तुला. तो फोन आबांचा होता, रिबेका. तुझं ऐकून ते बोलायलाच निघाले होते, वाटेत होते. तू ठेवल्यावर, बंद फोन कानाला तसाच धरून, ते म्हणाले, छकुली. पुन्हा लावू का म्हटलं तर मान हलवली आणि शेजारच्या रिकाम्या पाटावर हात ठेवला. म्हणून ये. युवराजरावांना घेऊन जेवायला ये, बारामतीला एसटी बदलली की झालं. आबांना वेळ लागेल; तू शब्द देऊ नकोस, रडलीस तरी चालेल, पण कडा सुटू दे. तुझा डबा पहिल्या डाळिंबांनी भरून ठेवलाय. रिकामा पाठवायचा नव्हता म्हणून इतके दिवस थांबले, आता भरलाय तर कुणाच्या हाती पाठवणार नाही. तुझा तू येऊन घेऊन जा. भाकरी गार मिळेल, तेवढी चालवून घे.

पाट मांडून वाट बघणारी,
तुझीच वहिनी
सुहासिनी