तुडुमाची भोकं कोणत्या बाजूला

अर्जुनी मोरगाव
९ ऑगस्ट २००४

चि. निशास आजीचे पोटभर आशीर्वाद.

सकाळी सगळ्यात आधी चंद्रकांता आली, मागून तिची शेळी, मग बातमी. तिचा कुशल नागपूरहून सांगून राहिला म्हणे, की निशा बांधकामाच्या पेपरात नापास झाली अन् आर्किटेक्चर सोडून घरी यायले निघाली. मले काऊन नाही लिहिलं? मी काय परकी?

तुझी इथं राहिलेली वही पाहिली. सरांचा शब्द न शब्द उतरवलास, खोकलाही सोडला नसशील. पण त्यात घर कुठंच दिसत नाही. मी दुसरी शिकलेली बाई, धान्य साठवायच्या कोणत्या ढोलीत कोणतं धान ते गेरूच्या चित्रानं ओळखते. एकदाच चुकले, तेही तुझ्या आजोबांनी चित्रांवरूनच ढोल्या सारवल्या म्हणून.

सर काही सांगतील त्याचं तू चित्र काढ, बाजूला एक शब्द लिही. खाली आपला तलाव काढला आहे. फेरपरीक्षा देऊनच ये.

तुझी आजी,
देवकाबाई

नागपूर
२२ ऑगस्ट २००४

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

तुझा तलाव पोचला. बांधाच्या पाळीवर म्हैस आहे की आजोबा, यावर खोलीतल्या पोरींत वाद झाला.

नापास झाल्याचं लिहायची लाज वाटली गं. पण तुझं ऐकलं. जिन्याच्या तासाला वहीत आजोबांना पायऱ्यांवर चढवलं. पाऊल कुठं, गुडघा किती वर. मापं पहिल्यांदाच डोक्यात राहिली. ते चित्र पाठवते, अन् तलावाचं पाणी सोडायच्या तुडुमाचंही, आठवून काढलेलं. तपास.

गुरुवारी फेरपरीक्षा. या वेळीही नापास झाले तर खरंच बॅग भरते.

तुझी,
निशा

अर्जुनी मोरगाव
१९ सप्टेंबर २००४

चि. निशास पेढ्यासगट आशीर्वाद.

काल मोटारीतून आधी चिखल उतरला, मग तुझ्या कॉलेजातल्या मॅडम, तुझ्याकडून ऐकलेलं आपलं तुडूम पाहायले. बसायच्या आधीच म्हणाल्या, निशा पास झाली, पेपरात अर्धी चित्रंच होती. निकाल सोमवारी लागणार, म्हणजे तुझ्याआधी मले कळला! चंद्रकांताच्या घरी मीच गेले सांगायले, शेळीच्याही आधी.

आता तुझी चूक. तुडुमाची भोकं तू धानाच्या शेताच्या बाजूला काढली. पाणी काय पाळीवरून उडी मारून येईल? भोकं तलावाच्या आत, पायरीपायरीवर. पाणी उतरते तसं खालचं बूच काढायचं. मी दाखवलेलं तुझं चित्र पाहून मॅडमही फसल्या होत्या. तलाव भरला, तुडूम बुडालं, म्हणून अंगणात चिखलाचं करून दाखवलं, तुरीच्या काडीची बुचं लावून. मॅडम मांडी घालून वहीत काढत राहिल्या, एक चित्र, एक शब्द.

आजोबा रुसले आहेत. जिन्यावर त्यांना मिशा नाहीत. काढून पाठव, अन् म्हाताऱ्यांवर जीव असू दे.

आजी

ता. क. दसऱ्यानंतरच्या सोमवारी, पाणी सोडताना, मॅडम सगळा वर्ग घेऊन येतो म्हणाल्या. भोकं कोणत्या बाजूला ते तू सांगायचं, मी गप्प बसणार. सोमवारी, सकाळी.