अंडी सांभाळणारा बाबा

ऑकलंड, रविवार

प्रिय गुरुनाथ,

मी मजेत आहे. थंडी आहे, पण तू दिलेला स्वेटर पुरतो. कौमुदीचा खोकला गेला का? हल्ली माझा फोन आला की ती कॅमेऱ्यासमोर येतच नाही, म्हणून हे पत्र. तिला वाचून दाखव.

तिला सांग, आईला समुद्राच्या तळाचा एक प्राणी मिळालाय, आजवर कुणालाच माहीत नसलेला. दिसतो घरातल्या कोळ्यासारखा. अंग दोऱ्याएवढं, बाकी सगळे पायच! आणि अंडी बाबा सांभाळतो, पायांशी धरून.

यापुढचं फक्त तुझ्यासाठी. काल पायांचे सांधे मोजायला त्याची अंडी सुईने सोडवावी लागली. तो कधीच मेलाय, तरी पकड सुटेना. विमानतळावर तू कौमुदीला कडेवर घेऊन उभा होतास, तसाच दिसला मला.

दिवाळीला येणं जमत नाहीये. इथलं काम वाढलं आणि मी थांबायला हो म्हणून बसले, तुला न विचारता.

या प्राण्याचं वर्णन लिहून होत आलंय. मादीबद्दलचं एकच वाक्य राहिलंय: अंडी नराकडे देऊन ती निघून जाते. तेवढंच लिहवत नाहीये रे.

तुझीच,
कांचन