अकरा–दहाच्या विजयाची निरवानिरव

मी, इलायस थॅचर प्रूइट, वय वर्षे चोपन्न, व्यवसाय गावच्या साप्ताहिकाची वार्तापत्रे लिहिणे, राहणार मिल स्ट्रीट, टॅमरॅक फोर्ड, इंडियाना, बुद्धी ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. ती ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझी थोरली बहीण हेस्टर हिला तो मान्य नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरण्याचाही पूर्वानुभव नाही.

१. घर, परसातली सफरचंदाची झाडे व कोंबड्या हेस्टरला. मालकीण ती होतीच. आता कागदही तिच्या बाजूने होतील.

२. टंकलेखन यंत्र छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एमस ग्रिग्ज यास. त्याची एक कळ अडकते. तिला द्यावयाच्या शिव्या त्यानेच शोधलेल्या असल्याने त्या वेगळ्या देत नाही.

३. संस्कृत व्याकरणाचा ग्रंथ वाचनालयास. पहिली चाळीस पाने मळकी व पुढची कोरी आहेत, यावरून माझ्या व्यासंगाची खोली मोजावी.

४. महापौर लायमन बर्डिक यांस, १८९९च्या अंतिम सामन्याविषयी मी दर मार्चमध्ये लिहिलेल्या बत्तीस लेखांची कात्रणे. त्या सामन्यात ते आमच्या पेनिस्टन कॉलेजचे कप्तान होते. तेवढ्या पुण्याईवर ते सहा वेळा निवडून आले. लेखांतली विशेषणे माझी, ती परत करू नयेत.

५. राज्य कॉलेज बास्केटबॉल विजेतेपदाचा चांदीचा चषक. पेनिस्टन कॉलेज बंद पडले तेव्हा विश्वस्तांनी तो 'विजयाच्या इतिहासकारास' म्हणून मला दिला. तो दंतवैद्य डॉ. ओटिस राडमाकर यांस द्यावा, आणि कारण म्हणून पुढील मजकूर वाचून दाखवावा.

डॉ. राडमाकर तेव्हा ऑर्डवे कॉलेजचे कप्तान होते. सामना आमच्या सभागृहात, टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकलेल्या. प्रेक्षकांनी हात घालू नये म्हणून टोपलीमागे तारेची जाळी असावी असा नियम होता, आणि आमच्याकडे जाळी होतीही. पण विजयाची मेजवानी आधीच ठरवून बसलेल्या मेथडिस्ट चर्चच्या महिला मंडळाने पताका लावण्यासाठी ती सकाळीच काढून नेली होती. आम्ही अकरा, ते दहा. शेवटच्या क्षणी राडमाकरने टाकलेला चेंडू टोपलीच्या कडेवर फिरत राहिला आणि आत कलला. सज्जातून शेदीडशे टोप्या, काठ्या, छत्र्या पुढे आल्या होत्या. त्यांतल्या एकीने चेंडू बाहेर लोटला. छत्री माझी, धक्का माझा, हेतूही माझाच. पंच त्या वेळी घड्याळ बघत होते. मी अंकात लिहिले, 'दैव पेनिस्टनच्या पाठीशी उभे राहिले.' पाठीशी म्हणजे सज्जात, हे लिहिले नाही.

पुढे राडमाकरने खेळ सोडला आणि आमच्याच गावात दवाखाना थाटला. गेली वीस वर्षे मी त्याच्या खुर्चीत बसतो.

"तोंड उघड. आणखी. प्रूइट, त्या दिवशी माझाच हात थरथरला बघ."

"आँ," मी म्हणतो.

"माझ्यामुळे पोरं हरली. अजून डोक्यातून जात नाही रे."

"आँ."

त्याचा हात कधीच थरथरत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरी तोंड मोकळे झाल्यावरही मी आजवर बोललो नाही.

६. येथवर लिहिल्यावर दुसऱ्या साक्षीदाराची गरज पडली. हेस्टरने रस्त्यावरून जाणारा पहिला सभ्य माणूस हाक मारून आत आणला. तो राडमाकर निघाला.

"डॉक्टर, तुम्ही नुसती सही करा," मी म्हणालो.

"न वाचता? दात तरी मी न बघता उपटतो का?"

त्याने वाचले. पाचवे कलम दोनदा वाचले. हेस्टरने कॉफी आणली, ती निवली.

"म्हणजे मी चुकलो नव्हतो?"

"नाही."

"आणि हे मला तू मेल्यावर कळणार होतं? मी आधी गेलो असतो तर?"

हे माझ्या ध्यानात आले नव्हते, असे लिहिणे खोटे ठरेल. आले होते.

"चषक घे, आत्ताच घे," मी म्हणालो.

"तो काय करू, कवळ्या भिजत घालू? गुरुवारच्या अंकात छाप. पहिल्या पानावर. तुझ्या नावानं."

"ओटिस, गाव मला जिवंत ठेवणार नाही!"

"बरं झालं," हेस्टर म्हणाली, "मृत्युपत्र तयारच आहे."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली आणि ते निघून गेले.

७. सबब कलम पाच रद्द. चषक डॉक्टरांना नको आहे, आणि साक्षीदारास तसेही काही देता येत नाही. हेस्टरने त्यात कोंबड्यांचे दाणे ठेवले तरी हरकत नाही.

लिहिले : टॅमरॅक फोर्ड, मंगळवार, १७ मार्च १९३१. सह्या सर्वांनी एकत्र बसून गुरुवारी केल्या. विलंबाचे कारण खाली आहे.

(सही) इलायस थॅचर प्रूइट

साक्षीदार :
कोरा हॅम्लिन, पोस्टमास्तरीण
ओटिस राडमाकर, दंतवैद्य. आजचा अंक वाचून सही केली.

गुरुवार, १९ मार्च १९३१