सहाव्या चेहऱ्याची अडचण

उमेळे, ता. वसई
बुधवार, दुपारचे तीन

आदरणीय व्याही श्री. फर्डिनंड यांस लुईसचा सविनय नमस्कार.

प्रभूच्या दयेने येथील सर्व मंडळी आपापल्या पायांवर चालत आहेत. आपल्या उजव्या गुडघ्याचे दुखणे कोठवर आले, आणि निर्मळच्या वाडीतील सोनचाफा यंदा कसा फुलला, हे मला पुष्कळ दिवस विचारावयाचे होते. परंतु आपले बोलणे बंद असल्याने विचारता आले नाही. पत्रात विचारणे हे बोलणे नव्हे, असे मी ठरविले आहे. (मोबाईलवर निरोप पाठवा, असे सालोमीने सुचविले होते. आपल्या मुलीचा हेतू चांगला असतो. तथापि ज्या कामात मान राखावयाचा ते काम मी कागदावरच करतो.)

पत्रास कारण आपली नात रोवेना. ती जितकी माझी तितकीच आपली, हे मी मान्य करतो. ती ग्राफिक डिझाईनचे शिक्षण घेत आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. तेथे आधी कागदावर पेन्सिलीने आणि मग टॅबवर चित्रे काढावयास शिकवितात. या सत्रात तिला मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकासाठी एक आजोबा रेखाटावयाचे आहेत. राग, कंटाळा, भीती, आश्चर्य, दुःख आणि हसू असे त्यांचे सहा चेहरे हवेत. नियम असा की प्रत्येक चेहरा प्रथम समोर बसलेल्या जिवंत माणसावरून काढावयाचा, मगच तो टॅबवर रंगवावयाचा. शुक्रवारी दुपारपर्यंत सहाही चेहरे सादर झाले नाहीत, तर सर्व काम नापास आणि सत्र पुन्हा. घरात जिवंत आजोबा म्हणून मी एकटाच उपलब्ध होतो.

पहिल्या दिवशी मी लग्नाचा कोट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलो. “आजोबा, नॅचरल बसा ना,” असे ती म्हणाली. मी नॅचरलच बसलो होतो. तिने प्रथम माझ्या डोक्याच्या जागी एक अंडे काढले व त्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारली. आडव्या रेघेवर डोळे येतात, म्हणाली. मी सांगितले की मनुष्याचे डोळे वरच्या भागात असतात, इतके मध्यावर नसतात. (आमच्या वेळच्या चौथीत चित्रकला नव्हती, पण निरीक्षण होते.) मग पट्टी आणवून मी माझे डोके आरशासमोर मोजले. डोळे नेमके मध्यावर निघाले. अठ्ठ्याहत्तर वर्षे मी ते वर समजत होतो. ती बरोबर असल्याचे मी सर्वांसमक्ष सांगितले.

राग पहिल्याच बैठकीत मिळाला. तो करावयाचा आहे हे मला कोणी सांगितलेही नव्हते. कंटाळा दुसऱ्या बैठकीत झाला. भीतीच्या वेळी आमच्या जॅक्सनने गाडी मागे घेत घेत माझ्या तोंडलीच्या मांडवापर्यंत आणली. ते ठरवून केले होते, हे मला मागाहून कळले. माझ्याच मुलास बापाचे भय चित्रासाठी वापरता येते, याची मी नोंद घेतली आहे. आश्चर्य मिळाले ते तिने काढलेले माझे कान मला दाखविले तेव्हा. दुःखासाठी तिने मला खिडकीकडे तोंड करून बसविले. तेथे पूर्वी आमचे चिकू होते व आता सात मजले आहेत. त्या चित्रास फार वेळ लागला नाही.

हसण्यास मात्र नऊ बैठका झाल्या. हसणे कसे करतात ते मला माहीत आहे. मी ओठ दोन्ही बाजूंस सारखे ओढून, दात दाखवून पंचवीस मिनिटे स्थिर राहिलो. सालोमी स्वयंपाकघरातून आली, थांबली आणि म्हणाली, “पप्पा, दाढ दुखते का? लवंग आणू?” जॅक्सनने मोबाईलवर माणसे घसरून पडतात अशी दृश्ये दाखविली. एक गृहस्थ जिन्यावरून पडले, त्यांस पुढे काय उपचार मिळाले असे मी विचारले. त्याला माहिती नव्हती.

तेव्हा रोवेनाने टॅबचा मार्ग धरला. त्यात चित्राचे लेअर असतात. म्हणजे चेहरा एका काचेवर, मिशी दुसऱ्या काचेवर, चष्मा तिसऱ्यावर, आणि सर्व काचा एकमेकींवर ठेवलेल्या, असे समजावे. माझी मिशी तिने एका बोटाने नाहीशी करून दाखविली. मी ती ताबडतोब परत मागितली. चुकलेली रेघही तेथे दोन बोटांनी पुसली जाते, जणू ती कोणी मारलीच नव्हती. ही सोय मला पसंत नाही. कागदावर चूक राहते, म्हणून हात जपून चालतो. असो. तिने माझा रागाचा चेहरा घेतला, ओठांची टोके वर ओढली, डोळे बारीक केले, आणि तो हसू लागला. माझा सदरा घातलेला तो कोणी परका इसम होता. तो तिने चित्रकला शिकविणाऱ्या मॅडमना पाठविला. मॅडमचे उत्तर आले की तोंड हसतंय, पण डोळे अजून भांडतायत. खरा हसणारा माणूस बघून काढ. पोरगी त्या दिवशी जेवली नाही.

नंतर तिने मला सरळ विचारले, “आजोबा, तुम्ही लास्ट कधी हसलात?” मी पुष्कळ आठवून पाहिले. माझे हसणे आठवेना. आठवला तो माझ्याखेरीज सगळे हसले तो दिवस, म्हणजे माणिकपूरच्या हॉलमधील आमच्या लग्नाच्या पन्नास वर्षांचा समारंभ. त्याविषयी माझी बाजू आजवर कोणी विचारलेली नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो.

बँडच्या मास्तरांस मी लेखी सूचना दिली होती की माझ्या भाषणात ‘शेवटी’ हा शब्द येताच वादन सुरू करावे. सूचना स्पष्ट होती. भाषण चार पानांचे होते व विषय शिस्त हा होता. पहिल्याच पानावर ‘शेवटी मनुष्य म्हणजे काय’ असे वाक्य आले आणि बँड सुरू झाला. मंडळी उठून नाचू लागली. मी हात वर करून वादन थांबविले व पुढे वाचू लागलो. ‘शेवटी शिस्तच कामास येते’ येथे पुन्हा बँड. ‘शेवटी’ हा शब्द मी इतक्या वेळा लिहिला आहे, हे मला तोवर माहीत नव्हते. वाक्य गाळणे मला मान्य नव्हते, कारण भाषण फादरांस आधी दाखविलेले होते. पाचव्या वेळी मी नुसता श्वास घेतला, तोच आपण, बँडची वाट न पाहता, माझ्या पत्नीस मर्सीस हात देऊन नाचावयास नेले. आणि ती गेली. माझ्याकडे पाहून ती इतकी हसत होती की तिला धड पाऊल टाकता येईना. चौथ्या पानावर भाषण खरोखरच संपले, मी मोठ्याने ‘शेवटी’ म्हणालो आणि हॉलमध्ये शांतता पसरली. बँडवाले जेवावयास गेले होते.

(येथे अक्षर हलले आहे. टेबलाचा एक पाय आखूड आहे.)

त्या दिवसापासून मी आपल्याशी बोललो नाही. दोन वर्षांपूर्वी मर्सीच्या अंत्यविधीस आपण आलात, तेव्हा आपण मान हलविली व मीही हलविली. ते बोलण्यात धरलेले नाही. माझी बाजू ही एवढी आहे.

सौ. विहिणबाईंस नमस्कार सांगावा.

आपला,
लुईस
(चौथी उत्तीर्ण, वर्गात पहिला)

ता. क. उद्या गुरुवारी सकाळी आपण उमेळ्यास येऊन दोन तास हसून द्यावे, अशी विनंती आहे. आपण कशावरही हसता, हा दोष मी आजवर मोजीत आलो. आज तो पोरीच्या उपयोगाचा आहे. आजोबा आपणही आहात, त्यामुळे नियमात बसते. मी हवे तर मागच्या पडवीत बसेन. हे पत्र जॅक्सन आज संध्याकाळीच हातोहात आणून देईल.

दुसरा ता. क. पाकीट बंद करण्यापूर्वी कळवितो की आपण हसण्यासाठी येण्याचे कारण उरलेले नाही. मी बँडचा मजकूर लिहीत असता रोवेना दाराशी वही घेऊन बसली होती, हे मला ठाऊक नव्हते. माझे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होते, असे तिचे म्हणणे आहे. मला तसे काही स्मरत नाही. परंतु कागदावर दात आहेत, आणि जो एक पडलेला आहे तो योग्य जागीच नाही, त्यामुळे चित्र माझेच मानावे लागते. मॅडमनी डोळ्यांसह ते पसंत केले.

तिसरा ता. क. तरीही यावे. पुढचे काम तिने आजच वाचून दाखविले. एका बाकावर बसलेली, एकमेकांशी न बोलणारी दोन म्हातारी माणसे काढावयाची आहेत. त्यासाठी आपणां दोघांइतका सराव वसईत क्वचित कोणाचा असेल. बैठक फक्त वीस मिनिटांची आहे. तेवढा वेळ गप्प बसणे आपणां दोघांना जमेल, याची मला आता खात्री वाटत नाही.