ओलावा शून्य

४ मार्च
शून्य! माझ्या रोपाच्या कार्डावर ‘ओलावा : शून्य. कृपया पाणी घालावे’ असे छापून आले आहे. काल सकाळी मी स्वतः बादलीभर पाणी घातले. मग हे शून्य कोणाचे?

५ मार्च
राग निवळला. नीट लिहितो.
वसाहतीच्या हिरवळ समितीने रस्त्याकडेला रोपे लावून प्रत्येक बिऱ्हाडास एकेक सांभाळावयास दिले. समितीचा तपासनीस दर आठवड्यास केव्हातरी येतो, मातीत सळई खुपसून ओलावा मोजतो आणि प्रगतीचे कार्ड दारात टाकतो. तोच मजकूर घरच्यांच्या मोबाइलवर जातो. मजजवळ मोबाइल नाही, म्हणून तो चिरंजीवांस जातो. सारी डोकेदुखी तिथेच!
संध्याकाळी त्याचा घरच्या फोनवर फोन. “बाबा, तुम्ही पाणी घालता, की घातलं असं वाटतं तुम्हाला?”
वाटतं म्हणे!
“हे बघा, इकडे हॉलमध्ये पलंग टाकून ठेवलाय. आता एकटं राहणं पुरे.”
ही गेल्यापासून या दोन खोल्या हेच माझे राज्य. टीव्हीसमोरच्या पलंगावर पाहुण्यासारखे पडून राहणे मला जमणार नाही.

११ मार्च
पुन्हा शून्य. खाली एक ओळ : ‘निराश होऊ नका! आपले शेजारी आपल्यापेक्षा चांगली कामगिरी करीत आहेत.’
हे सांत्वन समजावे की टोमणा?
वरच्या मजल्यावरील शिवणवाल्या बाईंना ‘उत्कृष्ट’ मिळाले. खिडकीतून म्हणाल्या, “अहो भाऊ, कार्डाचं काय एवढं मनाला लावून घेता!” आणि खिडकी लावून घेतली.

१४ मार्च
आज बादली हातात घेऊन दारात उभा राहिलो. जावयाचे आहे, की आत्ताच जाऊन आलो? चप्पल उलटी करून पाहिली. चिखल होता. म्हणजे गेलो होतो. पण तो कालचा असेल तर?
पुन्हा जाऊन पाणी घातले.

१८ मार्च
‘रोप वाळले. अंतिम सूचना.’
वाळले? रोपास नवी पालवी आहे! मी बोटांनी चाचपून पाहिली. तरी खात्री असावी म्हणून दूधवाल्यास थांबवून विचारले, “यास पाने आहेत ना?”
“आजोबा, चष्मा बदला की! एवढी लसलशीत पानं दिसत नाहीत?”
डोळे शाबूत आहेत. मग बिघडले आहे ते काय?

२० मार्च
तपासनीस सापडला! सकाळपासून रोपाजवळ ठाण मांडून बसलो होतो. त्याने सळई खुपसली आणि मान डोलावली. “झकास. वरच्या मावशींचं रोप एक नंबर आहे.”
“हे माझे रोप आहे,” मी म्हणालो.
“छे हो काका! तुमचं पंपघराच्या मागं. पार काडी झालीय त्याची.”
मी त्यास सांगितले की उद्घाटनाच्या दिवशी अध्यक्षांनी माझ्या हाती झारी देऊन याच रोपापाशी माझा फोटो काढविला. तो वार्तापत्रात छापून आला. मी चौकट करून भिंतीस लावला आहे.
तो हसत सुटला. “अहो, इथं ऊन चांगलं होतं, म्हणून सगळ्यांनाच इथं उभं केलं. फोटोपुरतं!”
छापखान्यात खिळे जुळविण्यात माझा जन्म गेला. छापून आलेली गोष्ट फोटोपुरती असते, हे माझ्या कधी मनातही आले नाही.
पण डोके ठिकाणावर आहे! मी विसरलो नव्हतो! “उद्या ऑफिसात येऊन सांगा, दोन्ही कार्डांची अदलाबदल करून देतो,” असे तो म्हणाला.

२१ मार्च
ऑफिसात जाण्याआधी बाईंस कळविणे रीतीचे, म्हणून वर गेलो. दार उघडावयास फार वेळ लागला. भिंतीचा आधार घेत आल्या.
“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “खिडकीतून रोज बघते ना तुम्हाला.”
“मग बोलला का नाहीत?”
“गुडघ्यांनी जिना बंद केलाय, भाऊ. लेकीला वाटतं, आई रोज खाली उतरते, पाणी घालते. त्या कार्डावर ती गप्प आहे. तिच्याकडे जागा नाही. कळलं तर सरळ वृद्धाश्रमात नेऊन ठेवेल.” मग म्हणाल्या, “तुम्हाला शून्य येतंय कळल्यावर दोनदा दार उघडलं. परत लावलं.”
मी उठलो. चहा घेतला नाही.
ऑफिसातही गेलो नाही.

२३ मार्च
चिडावे कोणावर? बाईंनी मला वेड्यात काढले. पण त्यांच्या जागी मी असतो तर? चिरंजीवांस खरे सांगावे, तर तो तत्काळ समितीस फोन करील. त्याचा स्वभाव मी ओळखतो.
माझ्यासाठी पलंग तरी टाकलेला आहे. बाईंसाठी कोणी काही टाकलेले नाही.


२५ मार्च
चिरंजीव येऊन गेला. “बाबा, खरं सांगा. पाणी घालायचं विसरत होतात ना?”
“होय,” मी म्हणालो.
रविवारी तो मला न्यावयास येईल. बाईंच्या रोपास दूधवाला पाणी घालणार आहे. त्यास पंपघरामागचे दाखविले नाही.