गिरणीच्या बाजूचा कान

दहिवली, मंगळवार, संध्याकाळ

माझ्यावर घोर अन्याय चालू आहे: दोन्ही वेळा भाकरी. बायको म्हणते, रोज दळण आणता, मग संपवा. पण करू काय? पंचगिरी करताना चेंडू लागून उजव्या कानाचा पडदा फाटला, तेव्हापासून आत शिटी वाजते. ती बुडते फक्त पिठाच्या गिरणीच्या घरघरीत, म्हणून रोज दळण. गिरणीवाल्या शांताताई त्याच कानाच्या बाजूला बसून बोलतात, मी मान डोलावतो.

आज गिरणी थांबली आणि उजव्या कानात स्पष्ट आलं, "भाऊ, तुमी आयकता का नुसती मुंडी हलवता?"

म्हणजे पडदा भरतोय. शिटी आहे, पण आता मागच्या बाकावर.

म्हटलं, "ताई, आजवर एक शब्द ऐकू आला नाही. पहिल्यापासून सांगा."

"म्हंजे सुनेचं सगळं परत?"

दळण झालं होतं. तरी शेवटपर्यंत बसलो.